बंडीवाल्याचा पत्ता

आमचे उकिरडे सर उकिरड्याजवळ गेले की आधी चपला काढायचे. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, चपला जोडीने बाजूला ठेवलेल्या, आणि साठी ओलांडलेला हा माणूस शेणाकचऱ्याच्या ढिगाभोवती अनवाणी, सावकाश फिरतोय. बघणाऱ्याला वाटायचं, काहीतरी नवस फेडतोय. मोहने गावात एका बाईने मला हळूच बाजूला घेऊन विचारलं होतं की हे कुठल्या देवाचं असतं. सरांना मात्र त्यात अवघडण्यासारखं काही वाटत नसे. ते म्हणायचे, "आत कुजायला लागलं की ऊब येते मॅडम. ती थर्मामीटरच्या आधी तळपायाला कळते. ऊब असेल तिथे आपले बंडीवाले."

बंडीवाले हे सरांनी ठेवलेलं घरगुती नाव. भुंगेऱ्यांचं हे एक अफाट मोठं कुटुंब आहे. बहुतेक भुंगेऱ्यांची पाठ कडक पंखांनी पूर्ण झाकलेली असते. यांचे ते पंख मात्र अंगाला आखूड, धुतल्यावर आटलेल्या बंडीसारखे, आणि खालचं लांब पोट उघडं. डिवचलं की तेच पोट विंचवाच्या नांगीसारखं वर करतात. आकार बहुतेकांचा तांदळाच्या दाण्याएवढा, काहींचा कणीएवढा. कुजका पाला, शेण, खाडीचा चिखल, जिथे आपण नाक दाबतो तिथे यांची वस्ती. सरांनी उभा जन्म यांच्यात काढला, आणि तीस वर्षांत अकरा नव्या जातींचं वर्णन केलं. नव्या म्हटलं की ते चिडत. बंडीवाले आधीपासून आहेत, आपल्याला आत्ता कळलं, त्यात नवीन काय, असं त्यांचं म्हणणं.

'उकिरडे' हे अर्थातच विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव. खरं आडनाव चांगलं चारचौघांसारखं होतं. पण टोपणनाव इतकं रुळलं होतं की बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी अहवालात 'प्रा. उकिरडे यांचे सहकार्य लाभले' असं लिहून दिलं. मी ते सरांना भीत भीत दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "राहू दे. पत्ता तर बरोबर आहे."

मी ठाण्याला सरांच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले तेव्हा सरांचं निवृत्तीचं वर्ष होतं. मी तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनमध्ये नव्याने अर्ज करणारी आणि दर एप्रिलमध्ये नकोशी होणारी. एकदा फळ्यावर झुरळाचं तोंड काढत होते आणि सर दारात येऊन थांबले. तास संपल्यावर म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा. फुकट घालवू नका." मला त्या काळात कोणी चांगलं म्हणणं ही दुर्मीळ गोष्ट होती. मी पुढच्याच शनिवारी त्यांच्या डोंबिवलीच्या घरी गेले, आणि मग बारा वर्षं जात राहिले.

घर पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. आतली खोली पूर्ण किड्यांच्या लाकडी पेट्यांची. घरभर डांबरगोळ्यांचा वास. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणायच्या की आमच्याकडे पाहुणा दुसऱ्या रात्री राहत नाही, त्याचं डोकं धरतं. सोसायटीच्या लोकांना सर आठवायचे ते पावसाळ्यात. कुणाच्या मानेवर, कुणाच्या पापणीवर भाजल्यासारखा लाल पट्टा उठायचा, 'किडा मुतला' म्हणून ओरड व्हायची, आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर चिरडलेल्या किड्याचा फोटो पडायचा. तो किडा बंडीवाल्यांपैकीच एक, लाल-काळा. सर जिने उतरून प्रत्येकाच्या घरी जायचे, साबणाने धुवायला सांगायचे आणि निघताना एक वाक्य ठेवून यायचे. "त्याने काही केलेलं नाही. तुम्ही चिरडलंत, त्याच्या पोटातलं तुम्हाला लागलं." लोकांना हे फारसं आवडत नसे. त्यांना औषध फवारणाऱ्याचा नंबर हवा असायचा.

नाव ठेवण्याबद्दल त्यांचा एक हट्ट होता. किड्याला माणसाचं नाव द्यायचं नाही. मोठमोठ्या लोकांनी आपल्या गुरूंची, बायकांची, नेत्यांची नावं दिलेली आहेत. सरांना ते पटत नसे. किडा जिथे सापडला त्या जागेचंच नाव त्याला द्यायचं, कारण तो तिथला आहे एवढीच त्याच्याबद्दलची पक्की माहिती आपल्याकडे असते. त्यांच्या अकरा जातींना अकरा जागांची नावं होती. त्यातल्या सात जागा मी त्यांना ओळखू लागले तेव्हाच नाहीशा झाल्या होत्या. एक डबकं होतं तिथे आता पार्किंग, एक आमराई होती तिथे रस्ता. सर हे सांगताना आवाज चढवत नसत. नातेवाइकांपैकी कोण कोण गेलं ते म्हातारी माणसं सांगतात तसं सांगायचे.

माझं काम दोन प्रकारचं. एक म्हणजे सूक्ष्मदर्शकातून बघून चित्र काढणं. या किड्यांच्या कितीतरी जाती बाहेरून अगदी सारख्या दिसतात. नराचं पोट सोडवून जननेंद्रियाचा आकार बघावा तेव्हा दोन जाती वेगळ्या ओळखता येतात. एका कुलपाला एकच किल्ली, इतकं ते नेमकं. सर हे काम सुईच्या टोकाने करायचे, श्वास रोखून, आणि मी त्या केसाएवढ्या किल्लीचं चित्र काढायचे. दुसरं काम चिठ्ठ्या लिहिणं. प्रत्येक किडा पुठ्ठ्याच्या इवल्याशा त्रिकोणावर चिकटवायचा, त्रिकोणातून टाचणी घालायची, आणि त्याच टाचणीत खाली नखाएवढी चिठ्ठी ओवायची. कुठे सापडला, केव्हा, कशात, कोणी पकडला. तीन ओळी आणि खाली नाव. किड्याच्या अंगावर दुसरी कुठलीच खूण नसते. चिठ्ठी गेली की तो किडा कुठलाच नाही. सरांचं अक्षर म्हणजे शाईत बुडून निघालेली मुंगी, त्यामुळे जुन्या चिठ्ठ्या काढून नव्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्याचा नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला. "एक काढा, एक लावा. मग दुसरीला हात लावा."

मी तो नियम एकदा मोडला. एका दुपारी मला ठाण्याला परत जाऊन पेपर तपासायचे होते. समोर बारा टाचण्या होत्या, दोन रविवारांची कमाई. एक रविवार खाडीकडच्या बाळकुमचा, एक नदीकाठच्या मोहन्याचा. सर भाजी आणायला खाली गेले होते, आणि लाइट गेलेली होती. मी बाराच्या बारा चिठ्ठ्या काढून ओळीने टेबलावर मांडल्या, म्हटलं सलग लिहून टाकू. तेवढ्यात लाइट आली. पंख्याचं बटन चालूच होतं. बारा चिठ्ठ्या बारा दिशांना उडाल्या. मी रांगत रांगत सगळ्या गोळा केल्या, शेवटची टेबलाच्या पायाखालून काढली, आणि आठवून आठवून एकेका किड्याला नवी लिहून लावली. मला खात्री होती. म्हणजे होती असं मी स्वतःला सांगितलं. सर वर आले, भिंगातून नवी अक्षरं बघितली आणि खूश झाले. मी गप्प बसले. जूनचा अर्ज, सरांचं शिफारसपत्र, त्यांचा माझ्यावरचा विश्वास, गप्प बसायला मला कारणं भरपूर होती.

पंधरा दिवसांनी सरांचा फोन आला. त्या बारांपैकी एका नराची किल्ली जगातल्या कुठल्याही छापील चित्राशी जुळत नव्हती. बारावी जात. चिठ्ठीवर लिहिलं होतं, बाळकुम, शेणाचा ढीग. पुढच्याच रविवारी सरांनी मला सोबत घेऊन बाळकुम गाठलं, ढिगाच्या मालकिणीला बातमी द्यायला.

ही हिराबाय. खाडीकडच्या जुन्या घरात राहणारी, सत्तरीची, नाकात नथ आणि तोंडात मिश्री. तिच्या परसातल्या ढिगात पेंढा, शेण, कोळंबीची सालं, खाडीचा चिखल असं सगळं पडायचं, आणि सर वर्षानुवर्षं ते चाळणीतून पांढऱ्या फडक्यावर चाळायचे. पहिल्यांदा तिने त्यांना हाकललं होतं. मग चहा द्यायला लागली. सरांनी तिला सांगितलं की तुझ्या ढिगात जगात कुणी न पाहिलेला जीव निघालाय, आणि त्याला बाळकुमचं नाव देणार. तिने पदर तोंडाला लावला. मग खात्री करून घेतली. "आमचे गावाचा नाव पुस्तकान येल ना, मास्तर?" सर म्हणाले, येणार. एवढ्या ठामपणे बोलताना मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

नवी जात जाहीर करायची म्हणजे वर्णन, चित्रं आणि नाव छापून आणायचं, आणि ज्या एका किड्यावरून ते लिहिलं तो कायमचा एखाद्या संग्रहालयात ठेवायचा. वर्णन झालं. माझी चित्रं झाली, आजवरची सगळ्यात चांगली. टाइप करून झालं. आणि सर थांबले. म्हणाले, दुसरा नर मिळू दे. एकावर भागत नाही. मी विचारलं, यातल्या किती जाती एकेकट्या किड्यावर छापल्या गेल्यात, तुम्हीच सांगितलंय ना? ते म्हणाले, बरोबर आहे, पण मिळू दे. तेव्हापासून एक रविवार बाळकुम, एक रविवार मोहने. मोहन्याला नदीकाठी काढून टाकलेल्या जलपर्णीचे कुजके ढीग असायचे, त्याभोवती सर अनवाणी फिरायचे. मला वाटायचं, बाळकुमचा किडा मोहन्याला कशाला शोधताहेत. विचारलं तर म्हणायचे, बघायला काय हरकत आहे. आणखी एक गोष्ट बदलली. मी चिठ्ठ्या लिहायला बसले की सर शेजारी खुर्ची ओढून बसू लागले. "एकटं कंटाळा येतो, बसतो जरा," म्हणायचे. मला बरं वाटायचं. वडील गेल्यापासून माझ्याजवळ असं कुणी बसलं नव्हतं.

दुसरा नर मिळाला नाही. दोन वर्षं, चार वर्षं. मग बाळकुमच्या त्या पट्ट्यात बांधकामाचे पत्रे लागले. हिराबायच्या घरच्यांना त्याच जागेवरच्या नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर घर मिळालं. सर तिला भेटायला गेले तेव्हा मी बरोबर होते. ती बंद खिडकीजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. म्हणाली, इथं कचरा पिशवीत बांधून दारान ठेवायचा, सकाळी नेतात. मग सरांकडे बघून नेहमीचंच विचारलं. "किरा गावला का, मास्तर?" सर म्हणाले, "शोधतोय." त्यानंतरच्या वर्षी हिराबाय गेली. इमारतीच्या जाहिरातीत बाळकुमचं नाव नव्हतं, नुसतं ठाणे पश्चिम होतं.

तिच्या घरच्यांना भेटून परतताना मी सरांवर चिडले. रिक्षात, सगळ्या ट्रॅफिकमध्ये, मोठ्याने बोलले. तिच्या हयातीत छापायला काय हरकत होती? चिठ्ठीवर बाळकुम आहे, बाळकुम लिहा. अगदीच शंका असेल तर ठाणे जिल्हा लिहा आणि मोकळे व्हा. सर म्हणाले, "पत्राचा पत्ता चुकला तर पत्र परत येतं मॅडम. किड्याचा पत्ता चुकला की पुढचा माणूस जन्मभर चुकीच्या दारात उभा राहतो." तेव्हा मला पंखा आठवला. आठवला आणि मी तो दाबून टाकला. सरांचं ते तत्त्व आहे, म्हातारपणी तत्त्वं कडक होतात, असं मनाशी म्हटलं. माणूस स्वतःच्या सोयीसाठी किती हुशार होतो ते मला त्या रिक्षात कळायला हवं होतं.

पुढचं सगळं उतरणीचं. कॉलेजातली सरांची कपाटं परीक्षा विभागाला जागा हवी म्हणून जिन्याखाली गेली आणि एका पावसाळ्यात त्यातलं सगळं बुरशीने खाल्लं. विषयच अभ्यासक्रमातून आकसला. सरांचा हात थरथरू लागला, सुईचं काम थांबलं. मोहन्याच्या काठावर राडारोडा पडून ढिगांची जागा गेली. तरी ते रविवारी जायचे. मग कुणीतरी सोबत लागायचं, मग रिक्षातून उतरता येईना, मग नुसतं मला सांगायचे की जाऊन बघून या. मी कधी गेले, कधी घरी झोपले आणि संध्याकाळी फोनवर सांगितलं, नाही सर, काही नाही. खोटं बोलताना मला वाटायचं, तसंही काय सापडणार होतं.

गेल्या वर्षी सर गेले. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये त्यांनी माझा हात बघायला मागितला. उजवा. उलटसुलट करून बघितला आणि परत ठेवला. पेट्या कुठल्या संस्थेला द्यायच्या याची यादी त्यांनी आधीच करून ठेवली होती, आणि त्याप्रमाणे त्या गेल्या. फक्त एका पेटीपुढे त्यांनी लिहिलं होतं, 'देऊ नये.' काकूंनी ती पेटी आणि सरांच्या वह्या माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, यात तुमचं अक्षर आहे, तुम्हीच ठेवा.

पेटीत त्या बारा टाचण्या होत्या. वहीत, वर्णन टाइप करून झालं त्याच आठवड्यातल्या पानावर, ती मुंगीची अक्षरं लावायला मला अर्धा तास लागला. 'उरलेले अकरा तपासले. त्यात एक खाडीच्या चिखलातला, खाऱ्या पाण्याशिवाय न जगणारा. त्याची चिठ्ठी मोहन्याची, नदीकाठ. अशक्य. म्हणजे चिठ्ठ्या बदलल्या आहेत. बारापैकी एकही धरता येत नाही. मॅडमना बोलू नये. हात चांगला आहे. एकदा भीती बसली की हात जातो. दुसरा नर शोधणे.' त्याच्या खाली आणि पुढच्या पानांवर, आणि पुढच्या वह्यांत, फक्त रविवार होते. बाळकुम, नाही. मोहने, नाही. बाळकुम, नाही. शेवटी शेवटी अक्षर मोडलं होतं. 'मॅडम जाऊन आल्या. नाही.' यातल्या निदान चार रविवारी मी गादीवर होते.

मी रडले वगैरे लिहीत नाही, त्याचा कुणाला उपयोग नाही. पुढच्या रविवारी मी बाळकुमला त्या इमारतीत गेले. वॉचमनला हिराबायच्या सुनेचं नाव सांगितलं. तिच्याकडे गेले नाही, मधल्या बागेत गेले. कडेला माळ्याने पाचोळ्याचा लहानसा ढीग केला होता. मी चपला काढल्या आणि त्यावर उभी राहिले. खाली दोन मजली पार्किंगचा स्लॅब आहे, त्यावर वीतभर माती टाकून ती बाग केलेली आहे. पाय गार पडले. तरी चाळणी काढून सगळा ढीग चाळला. एक गोगलगाय निघाली. दोन मुलं बघत उभी होती, त्यांच्या आईने त्यांना बोलावून घेतलं. मग मोहन्याला जाऊन आले. तिथे उभं राहायलाही जागा नाही.

तो किडा आता माझ्या घरी आहे. जात नवी आहे, चित्रं आहेत, वर्णन आहे, आणि नाव नाही. ते मी ठेवणारही नाही, कारण जागा पक्की नाही, आणि सरांचा नियम मोडायची माझी एक वेळ आधीच होऊन गेली आहे. काल मी त्याची चिठ्ठी काढली. एकच काढली. नवी चिठ्ठी कापली, बारीक टोकाचं पेन घेतलं आणि सरांची खुर्ची जिकडे असायची त्या बाजूला थोडी जागा सोडून बसले. पहिल्या ओळीत लिहिलं, बाळकुम किंवा मोहने. दुसऱ्या ओळीत, शेण किंवा जलपर्णी. तिसऱ्या ओळीत, चिठ्ठी बदलली, आणि त्याखाली पकडणाऱ्याचं नाव असतं त्या जागी माझं पूर्ण नाव. भिंगातून बघितलं. अक्षर छान आलं होतं.